हळदीकुंकू, वारकरी आणि आत्या

सोमवारची सुट्टी टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' लिहिलं, कारण 'पक्षी मोजायला जायचंय' असं खरं लिहिलं असतं तर ऑफिसात वर्षभर तेच ऐकावं लागलं असतं. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस, शुक्रवार ते सोमवार, जगभरचे लोक आपापल्या अंगणातले, बागेतले, तळ्यावरचे पक्षी मोजतात. 1998 ला अमेरिकेत सुरू झालेलं हे खूळ 2013 पासून आपल्याकडेही आलंय. नियम सोपा, निदान 15 मिनिटं थांबायचं आणि जे दिसेल, जे ऐकू येईल ते मोजून ई-बर्ड या वेबसाइटवर टाकायचं. सगळं म्हणजे सगळं, कावळे आणि पारवेसुद्धा. शनिवार-रविवार मी मुद्दाम सोडला, कारण रविवारी सिंहगड रोडला आणि खडकवासल्याच्या चौपाटीवर जी गर्दी असते त्यात पक्षी सोडा, स्वतःची लावलेली गाडी सापडत नाही.

ठरलं होतं मी एकटाच जाणार असं. पण पहाटे साडेपाचला मी टॉर्च शोधत होतो तर स्वयंपाकघरात लाइट, आणि आत्या चहा गाळतेय, अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ, पायात बूट. बूट! म्हटलं हिला कुणी सांगितलं.

"कुठे कुठे जायचंय?"

"आधी टेकडी, मग पाषाण, मग जमलं तर खडकवासला."

"टेकडीवर येते. पुढचं पुढे बघू."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. वय 72, गुडघ्याच्या फिजिओथेरपीसाठी महिनाभर आमच्याकडे होती. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढल्यापासून तिला लांबचं माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं आणि हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवतेच. गुडघ्याचं काय म्हणून मी जरा कुरकुरलो, पण एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने गाडी बरीच वर जाते आणि पुढे वेताळ टेकडीवर चालायला तशी सपाटीच आहे, त्यामुळे माझा मुद्दा फार टिकला नाही.

वर पोचलो तेव्हा अजून अंधुकच होतं. पहिला मोर ओरडला, मग दुसरा, मग खालच्या उतारावरून तित्तराचं ते कटीतर-कटीतर सुरू झालं, की जे एकदा सुरू झालं की टेकडीवरचे सगळे तित्तर एकमेकांना उत्तर दिल्याशिवाय राहत नाहीत. मी फोन काढून लिस्ट चालू केली. मोर 3, तित्तर 4, लालबुड्या बुलबुल 6, दयाळ 1. आत्या बाजूला उभी राहून बघत होती, पक्ष्यांकडे नाही, माझ्याकडे.

"हे काय, आकडे?"

म्हटलं मोजावे लागतात. नुसतं दिसला म्हणून चालत नाही, किती दिसले ते लिहायचं, म्हणजे मग दहा-वीस वर्षांनी कळतं की कोण वाढलं, कोण कमी झालं.

"कावळेपण?"

"कावळेपण."

"कावळे कशाला मोजायचे," आत्या म्हणाली, "ते आपल्याला मोजतात. बघायला आलायस ना? मग बघ की." आणि पुढे चालायला लागली.

आता थोडं अ‍ॅपबद्दल. आवाज ऐकून पक्षी ओळखणारं अ‍ॅप आहे माझ्याकडे, भारी आहे, मी त्याच्यावर जरा जास्तच विसंबतो हे कबूल. फोन हातात धरून उभा होतो, स्क्रीनवर एकामागून एक नावं येत होती, शिंपी, शिंजीर, सातभाई, आणि मग कोकीळ. फेब्रुवारीत कोकीळ गळा साफ करायला लागतोच, म्हणून मी खुशीत एक कोकीळ लिहून टाकला. आत्या म्हणाली, "कुठाय?" म्हटलं त्या तिकडे, आंब्याच्या बाजूला. ती म्हणाली, "अरे तो त्या माणसाचा फोन वाजतोय." खरंच. ट्रॅकसूटमधले एक काका, खिशात फोन, रिंगटोन कोकिळेचा, आणि उचलतही नव्हते, बहुतेक त्यांनाही खराच वाटला असणार. मी लिस्टमधून कोकीळ खोडला. नंतर दिवसभर कुठलाही पक्षी ओरडला की आत्या आधी म्हणायची, "बघ रे, फोन नाही ना?"

उजाडलं तसा सगळा उतार गुलाबी दिसायला लागला. उंदीरमारीला बहर आलेला. फेब्रुवारीत तिची पानं गळून नुसत्या काठ्या राहतात आणि त्या काठ्यांना बुडापासून टोकापर्यंत फिकट गुलाबी फुलं, आणि त्यावर जांभळे शिंजीर असे झुंबडले होते की मी 15 पर्यंत मोजून सोडून दिलं. मला हा सीन फार आवडतो, दरवर्षी फोटो काढतो, दरवर्षी स्टेटसला टाकतो.

"हे सगळं नंतरचं," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"इथे एक झाड नव्हतं. बोडकी टेकडी. गवत, निवडुंग आणि दगड. आम्ही गोखलेनगरातून चढून यायचो ना वर, शेण्या गोळा करायला, तर पायाखालून लावे उडायचे, फुर्र करून, एकदम, छातीत धस्स व्हायचं. आणि चंडोल. तो सरळ वर जायचा, गात गात, दिसेनासा व्हायचा तरी गाणं येतच राहायचं. मान दुखायची बघून बघून."

मी गप्प. कारण या टेकडीवर मी आठ-नऊ वर्षं येतोय आणि माझ्या लिस्टमध्ये इथे एकही चंडोल नाही. उंदीरमारी मूळ मेक्सिकोकडची, भराभर वाढते, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून वनीकरणात लावली गेली आणि मग टेकडीच तिची झाली. तिच्या सावलीत गवत जेमतेम येतं. गवत नाही म्हणजे गवतात घरटं करणारे लावे नाहीत, चंडोल नाहीत. त्यांच्या जागी झाडांवरचे आले, हळद्या आला, निळी माशीमार आली, राखी धनेश तर आता रोज दिसतो. मी ज्याला 'जंगल' म्हणतो ते आत्याच्या लेखी एक नवीन सोसायटी आहे. आधी तिथे दुसरं कुणी राहायचं.

गैरसमज नको, 2023 च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवायला जो मोर्चा निघाला होता त्यात मीही चाललो होतो, आणि पुन्हा निघाला तर पुन्हा चालेन. पण 'निसर्ग जसाच्या तसा ठेवा' असं त्या दिवशी मी ओरडलो होतो ते आठवून जरा ओशाळल्यासारखं झालं. जसाच्या तसा म्हणजे कुठल्या सालचा? वर खाणीपाशी गेलो तर तिथेही तेच. दगड काढून काढून झालेला खड्डा, त्यात पावसाचं पाणी, आणि आता कडेला खंड्या, दोन ढोकऱ्या, एक तुतवार शेपटी हलवत. आत्या म्हणाली तिच्या लहानपणी इथे सुरुंगाचा आवाज यायचा.

(गोखलेनगरात आत्या कशी पोचली ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. घरात तो विषय 'पुरात सगळं गेलं' या तीन शब्दांत संपायचा आणि मीही कधी चौथा शब्द विचारला नव्हता.)

नऊला खाली आलो, टपरीवर पोहे खाल्ले, आणि आत्याचा गुडघा बोलायला लागला म्हणून घराजवळच्या बागेत बाकावर बसलो. अगदी साधी बाग. झोपाळे, घसरगुंडी, लाफ्टर क्लबची आजोबा मंडळी. मी ही बाग कधी लिस्टमध्येही घेत नाही, आपण काय, दुर्मिळ काहीतरी दिसेल तिकडे धावणारे. पण बसलोच आहोत तर म्हणून टायमर लावला आणि वीस मिनिटांत 14 जाती झाल्या, त्यातला एक तांबट आमच्यापासून दहा फुटांवर.

गुलमोहराची एक वाळकी फांदी होती, मनगटाएवढी जाड. तिच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत जाणार नाही अशा बाजूला, रुपयाएवढं गोल भोक. आणि त्यातून तांबटाचं बूड बाहेर. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, आखूड शेपटीचा. आत ठकठक चालू. मग मागे मागे सरकत बाहेर आला, चोचीत लाकडाचा भुसा, मान झटकून तो उडवला, तो आत्याच्या शालीवर पडला. त्याच्या कपाळावरचा लाल ठिपका, डोळ्याभोवतीचं पिवळं, चोचीच्या बुडाशी मिशांसारखे राठ केस, सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, बायनॉक्युलर मांडीवर तसाच. तेवढ्यात जोडीदार आला, हा उडाला, तो आत. शिफ्ट बदलली. उडालेला शेजारच्या फांदीवर बसून टुक-टुक-टुक करायला लागला आणि मजा अशी की ओरडताना चोच बंद, फक्त गळ्याची कातडी फुग्यासारखी फुगते आणि तो मान इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून आल्यासारखा वाटतो कधी उजवीकडून.

"तांबट आळीत असाच आवाज यायचा," आत्या म्हणाली. "कसब्यात. आईबरोबर गेले होते एकदा बंब घेऊन, पोचे काढून घ्यायला. अख्ख्या आळीत टोक-टोक-टोक. पाय दुखले म्हणून रडत होते तर तिथल्या एका माणसाने तांब्याचा छोटा तुकडा ठोकून चकती करून दिली मला." शालीवरचा भुसा तिने झटकला नाही, चिमटीत धरून वास घेतला.

पाषाण तलावाबद्दल मला फार लिहायचं नाहीये. रामनदीवर बांध घालून केलेला हा ब्रिटिशकाळातला तलाव, एके काळी थंडीत बदकांनी काळा व्हायचा असं जुने पक्षीवाले सांगतात, आता जलपर्णीने हिरवा असतो आणि वाऱ्याची दिशा बदलली की रुमाल नाकाला. मधे सुशोभीकरण झालं. सुशोभीकरण म्हणजे काय तर काठावरचा चिखल आणि झुडपं काढून तिथे फरशी आणि रेलिंग, आणि ज्यांना तो चिखलच हवा होता ते गेले. तरी जांभळ्या पाणकोंबड्या होत्या, 22 मोजल्या, जलपर्णीवर लांबलांब बोटांनी चालत, एक तर पायाच्या पंजात देठ धरून पोपटासारखी खात होती, आत्याला ते फार आवडलं, "बघ, हाताने जेवतेय" म्हणाली. रेलिंगपाशी चार फोटोग्राफर, पायापासून टोपीपर्यंत लष्करी छापाचे कपडे, मागून सिटी बसचा हॉर्न. पुण्यातल्या तलावावर कुणापासून लपायचं असतं देव जाणे. त्यातल्या एकाने एका बगळ्यासाठी खडा मारून त्याला उडवलं, उडताना फोटो छान येतो म्हणून. मी बोललो. तो मला "तुम्ही वनखात्यातले का" म्हणाला. आत्या त्याला म्हणाली, "नाही, मी शाळेत बाई होते," आणि त्याने निमूट खिशातला दुसरा खडा टाकून दिला. बगळा तोपर्यंत गेला होता.

घरी येऊन जेवलो, आडवे झालो. तीनला मी पुन्हा गाडीची किल्ली घेतली.

"खडकवासल्याला येतेस?"

आत्या वर्तमानपत्र घडी करत होती. घडी झाली, उघडली, परत केली.

"आम्ही कधी गेलो नाही तिकडे," ती म्हणाली. "सहली जायच्या शाळेच्या, मी दुसऱ्या बाईंना पाठवायचे." आणि मग उठून बूट घालायला लागली.

सिंहगड रोडने निघालो. खडकवासला गावात धरणाच्या भिंतीशी रस्ता येतो तिथे मी सवयीने डावी-उजवी दाखवत होतो, ही चौपाटी, इथे भजी बरी मिळतात, पलीकडे एनडीए, लष्करी प्रबोधिनी. आत्या भिंतीकडे बघत होती. पाण्याकडे नाही, भिंतीकडे, एवढी मान वळवून की मला वाटलं तिला काही पक्षी दिसला.

पुढे डोणजे, मग गोऱ्हे, तिथून एका कांद्याच्या रानाच्या कडेने खाली पाण्यापाशी उतरता येतं. खडकवासला चार धरणांमधलं लहान भांडं, 1.97 टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), पण शहराला आणि कालव्याला पाणी जातं ते इथूनच, वरची पानशेत, वरसगाव, टेमघर यात पाणी सोडत राहतात, त्यामुळे पातळी सतत खालीवर होते. पुणेकराला टीएमसी हे शिकवावं लागत नाही, जुलै महिन्यात आपण भाजीवाल्याशीसुद्धा टीएमसीत बोलतो. पण पक्षी बघायला लागल्यावर मला कळलं की तो आकडा पाखरांचाही असतो. पातळी दोन-तीन फूट उतरली की काठाला ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो, आणि त्या गाळातले किडे खायला शेकाटे, तुतवार, धोबी उतरतात. पाणी चढलं की पट्टा गेला, पाखरं गेली. म्हणजे कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी आवर्तनाच्या फाइलवर सही करतं आणि इथे चाळीस शेकाटे जेवतात किंवा उपाशी उडतात.

त्या दिवशी जेवणाचा वार होता. काठाला शेकाटे, लालबुंद काटकुळे पाय, मी 43 मोजले. मागे उथळ पाण्यात उघड्या चोचीचे करकोचे 8. आणखी आत टिबुकल्या, दिसल्या-बुडाल्या, दिसल्या-बुडाल्या, त्यांची मोजदाद म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. कवड्या खंड्या आमच्यासमोर पाण्यापासून वीस फुटांवर एका जागी पंख फडफडत उभा राहिला, चोच सरळ खाली, शरीर दोरीला बांधल्यासारखं स्थिर, आणि मग दगड टाकावा तसा पडला. रिकामा वर आला. परत. रिकामा. तिसऱ्यांदा मासा. आत्याने तिन्ही वेळा श्वास धरला होता, मला ऐकू येत होतं.

मी दुर्बीण तिला दिली, 8 बाय 42 ची, जड लागते, म्हणून तिची कोपरं गुडघ्यावर टेकवून दिली. "ते काळे, कपाळावर पांढरं असलेले दिसतायत? गोपीचंदन लावल्यासारखं? ते वारकरी."

"खरं नाव?"

"खरंच नाव. चांदवापण म्हणतात. बघ कसे चाललेत एका रांगेत."

"आणि ती त्यांच्या पलीकडची बदकं? चोचीचं टोक पिवळं आहे बघ. आणि बुडाशी कुंकवाची दोन बोटं."

तिने मला न विचारता वर्णन केलं होतं, नाव मी सांगायचं तेवढं बाकी. "हळदीकुंकू बदक."

आत्या दुर्बीण खाली घेऊन माझ्याकडे बघायला लागली, मी थट्टा करतोय का म्हणून. मग हसली. "तुझे काका गेल्यापासून रथसप्तमीपर्यंतचं एकही आमंत्रण येत नाही मला. बरं झालं, हीच बोलावतील." आणि परत डोळ्याला लावली दुर्बीण. बराच वेळ बघत होती. मी 14 लिहिले.

ही नावं मला फार भारी वाटतात. इंग्रजीत त्याच बदकाला 'ठिपकेदार चोचीचं' असं कोरडं काहीतरी म्हणतात आणि आपण सरळ त्याच्या हातात करंडा देतो. मारुती चितमपल्लींनी जंगलात राहणाऱ्या माणसांकडून अशी नावं, असे शब्द आयुष्यभर गोळा केले. आता त्यांच्या वाढदिवसापासून म्हणजे 5 नोव्हेंबरपासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत, 12 नोव्हेंबरपर्यंत, आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो. माझ्यासारखे लोक तरी बिनदिक्कत 'स्पॉटबिल' म्हणतात, ग्रुपवर तसंच टाइप करतात, कारण पटकन होतं. त्या दिवशी आत्यासमोर मी एकदाही म्हटलं नाही.

पलीकडे सहा चक्रवाक होते, नारिंगी, ऊन कलल्यावर तर पेटल्यासारखे. लडाख-तिबेटकडे अंडी घालतात आणि थंडीत इकडे येतात. आत्याला चक्रवाक कवितेतून माहीत, रात्री नदीच्या दोन काठांवर नर-मादीची ताटातूट होते तो. "एवढे खरे असतील असं नव्हतं वाटलं," म्हणाली.

मग ती आपणहून बोलायला लागली. मी काही विचारलं नव्हतं.

"बुधवार होता. बारा जुलै. मी सात पुरी. शाळेत गेलो तर बाईंनी परत पाठवलं. नारायण पेठेत नदीच्या अंगालाच आमचा वाडा, त्याच्या दोन खोल्या आपल्या. लोक पळत आले, पाणी आलं पाणी आलं, तेवढंच ओरडत. आजीने देव्हाऱ्यातले देव पदरात बांधले. तुझा बाबा तीन वर्षांचा, तो आईच्या कडेवर. मी तांब्याचा बंब धरून बसले, म्हटलं हा न्यायचा. आईने फटका दिला हातावर."

1961 चं पानशेत. पानशेतचा मातीचा बांध अजून पुरा व्हायचा होता, तो फुटला, ते पाणी या खडकवासल्यात आलं आणि 1870 च्या दशकातली ही दगडी भिंतही गेली. मला हे सगळं शाळेपासून माहीत आहे, दर वर्षी 12 जुलैला पेपरात येतंच. पण आजचे आकडे मनात मांडले, पानशेत 10.65, हे 1.97, आणि समोरचं पाणी बघितलं, शांत, त्यावर वारकरी रांगेत, आणि पहिल्यांदा त्या आकड्यांची भीती वाटली.

"टिळक रोडच्या बाजूला ओळखीच्यांकडे राहिलो. परत गेलो तर वाडा नाही. मातीचा ढीग आणि चिखल, एवढा," तिने गुडघ्याला हात लावला, दुखऱ्याच. "बंब सापडला मात्र. चेपलेला. आणि गंमत बघ, एवढं पाणी येऊन गेलं आणि नळाला थेंब नाही. धरणच रिकामं ना. टँकर, विहिरी. मग नंतर गोखलेनगरात घर मिळालं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, आणि विचारताक्षणी कळलं की मूर्खासारखं विचारतोय. "पक्षी वगैरे होते का गं तेव्हा?"

आत्याने थोडा विचार केला. "घारी होत्या," ती म्हणाली. "चिखलावर. खूप घारी."

माझ्या तोंडात 'किती' आलं होतं. अगदी ओठांपर्यंत. गिळलं.

ऊन डोंगरामागे गेलं. नदी सुरय पाण्यालगत येरझाऱ्या घालत होते, पाचाचे सहा झाले, मग परत पाच. पळसमैनांचा एक थवा डोक्यावरून गेला, दोनशे असतील, तीनशे असतील, वळताना सगळे एकदम वळतात आणि क्षणभर थवा दिसेनासाच होतो. पलीकडच्या काठावर निलगिरीच्या उंच झाडांवर घारी रात्रीच्या मुक्कामाला जमायला लागल्या, एक-एक, दोन-दोन, झाडावर बसायच्या आधी वर गोल फिरत. थंडी वाजायला लागली तशी मी घाईघाईत लिस्ट पुरी केली, धरणावरच्या 31 जाती, दिवसाच्या एकूण 57, घारी 11, सबमिट. वाईट नाही. ग्रुपवर टाकण्यासारखा आकडा.

आत्या मात्र उठेना. शाल लपेटून पलीकडच्या झाडांकडे बघत बसली होती. म्हटलं बसू दे. अंधार पडायला लागला तेव्हा हात पुढे केला, मी तिला उठवलं, कांद्याच्या रानातून सावकाश गाडीपर्यंत आलो.

परत येताना तिने भिंतीकडे बघितलं नाही. धायरी फाट्याचा ट्रॅफिक, सगळीकडे लाल दिवे, रेडिओवर कुणीतरी वजन कमी करायचं काहीतरी विकत होतं. मला वाटलं तिला झोप लागली.

"घारी किती लिहिल्यास?" तिने विचारलं.

"अकरा."

"तेवीस होत्या," आत्या म्हणाली. "नंतर आल्या त्या धरल्या नाहीस तू. नीट कर ते."

सिग्नल लागला तेव्हा मी फोन काढला आणि 11 खोडून 23 केले.